कुसळ

मेहुणा पुण्याहून आला की आम्ही इंदूरचे लोक किती खातो ह्याचा हिशोब काढतो, आणि नेमकी तेव्हाच माझ्या हातात पोह्यांची दुसरी प्लेट असते. "जिजू, उद्या रालामंडल, पायवाटेनं" असं तो म्हणाला आणि मी वरून जिरावण मसाला भुरभुरवण्याच्या नादात हो म्हणून बसलो.

रालामंडल म्हणजे शहराच्या कुशीतलं, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचं अभयारण्य, 1989 सालचं. मधे टेकडी, टेकडीवर होळकरांचं शिकारगाह. उंची समुद्रसपाटीपासून 782 मीटर. आकडा ऐकून बायको घाबरली, तर मी समजावलं की अगं इंदूरच साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे अर्ध्याहून जास्त डोंगर आपण रामबागेतल्या घरी गादीवर पडल्या पडल्या चढून ठेवलाय, राहिले फक्त सव्वादोनशे. घरी हे गणित सगळ्यांना पटलं. टेकडीला नाही पटलं.

वर जायला धड रस्ता आहे हो, पण मेहुण्याला रस्ता म्हणजे अपमान वाटतो. गेटवरचा माणूस माझ्या पोटाकडे बघून म्हणाला, "भिया, कच्चे से जमेगा?" आता एवढं विचारल्यावर कोण नाही म्हणणार!

पहिली दहा मिनिटं मी सागाच्या झाडांबद्दल बोलत होतो. पुढची दहा मिनिटं मेहुणा बोलत होता. त्यानंतर फक्त माझा श्वास बोलत होता. खाली सुटा मुरूम, त्यावर वाळलेली सागाची पानं, पाय ठेवला की मिरगुंड मोडल्यासारखा आवाज आणि पानाखालचा गोटा लगेच आपल्या मार्गाला. दोनदा मी बसलो, त्यातला एकदाच स्वतःच्या मर्जीनं. मेहुणा कुजबुजला, "जिजू हळू, इथे बिबटे आहेत." अरे, मी ज्या आवाजात धापा टाकत होतो त्यानं बिबट्याच घर सोडून बायपासला लागला असेल.

पण खरा शत्रू गुडघ्याएवढा होता. पिवळं वाळकं कुसळी गवत. दिसायला काय सुंदर, वाऱ्यावर डुलणारं, मी त्यात उभं राहून फोटोपण काढला. मग घोट्याला काहीतरी टोचलं, मोजा बघितला तर साळिंदर! एक उपटलं तर टोक आत राहिलं आणि शेपटी हातात आली. मेहुण्यानं तिथंच लेक्चर दिलं, की कुसळाचं टोक अणकुचीदार, त्यावरची बारीक लव उलटी, म्हणून ते पुढे जातं, मागे येत नाही, आणि शेपटीला पीळ असतो, ओली झाली की उलगडते, वाळली की परत वळते, असं फिरत फिरत बी जमिनीत स्क्रूसारखं शिरतं. म्हणजे माझ्या मोज्यात घामाच्या पाण्यावर शेती चालू होती. लहानपणापासून डोळ्यातलं कुसळ ऐकत आलो, म्हण करणाऱ्यानं मुसळाच्या मानानं त्याला इतकं किरकोळ का ठरवलं कळत नाही, मोजे घालत नसेल बिचारा.

शेवटी पोचलो वर. शिकारगाहाच्या पायरीवर बसून डबा उघडला, पोहे गार, शेव मऊ, तरी इतके गोड लागले की काय सांगू. खाली सगळं इंदूर पसरलेलं, मेहुणा त्यात राजवाडा शोधत होता, मी मोजे काढून कुसळं मोजत होतो. सदतीसपर्यंत मोजली. तेवढ्यात शेजारून एक आजोबा रस्त्यानं आरामात चालत आले, हातात थर्मास, शर्टाची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

उतरताना मी रस्ता धरला. मेहुणा काही बोलला नाही, त्याच्याही मोज्यात होतीच.

घरी येऊन मी एक चूक केली, ते मोजे सरळ मशीनमधे टाकले. सगळ्यांच्या कपड्यांबरोबर. सोमवारी बाबा बनियन घालून देवापुढे बसले आणि मंत्र म्हणता म्हणता एकदम उभे राहिले. बुधवारी आईचा परकर. मेहुणा पुण्याला पोचला तेव्हा त्याचा फोन आला, ट्रेनमधे रात्रभर झोप नाही म्हणे. त्याचा टॉवेल पण त्याच मशीनमधे होता. मी म्हटलं, पुण्याचं पाणी कडक, तिथं उगवतं का बघ.