दोनशे त्रेसष्ट शब्द आणि एक अंगठा

काल सकाळी मेल आली. ‘डिअर डॉ. फर्स्टनेम लास्टनेम, आपलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट स्वीकारण्यात आलं आहे हे कळवताना आम्हाला आनंद होत आहे. प्रकार : ई-पोस्टर. विभाग : इतर.’

अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे संशोधनाचा थोडक्यात गोषवारा. परिषद रोगप्रतिबंधाची. माझं काम लेप्टोस्पायरोसिस या पावसाळ्यातल्या तापाच्या प्रतिबंधावर. पावसात तुंबलेल्या पाण्यातून ये-जा करणाऱ्या वस्त्यांमधल्या माणसांनी प्रतिबंधक गोळी घेतली का, नसेल घेतली तर का नाही, एवढा साधा प्रश्न. आणि तो ‘इतर’मध्ये! रोगप्रतिबंधाच्या परिषदेत रोगप्रतिबंध जर ‘इतर’ असेल तर मुख्य काय आहे, म्हणून मी विभागांची यादी उघडली. पहिल्या नंबरावर आर्टिफिशियल इंटेलिजन्स. असो.

ई-पोस्टर म्हणजे काय, ते ज्यांच्या नशिबी आलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जेवणाच्या हॉलबाहेर, पनीरच्या रांगेला लागून, एक टीव्ही उभा करतात. त्यावर तुमचं वर्षाचं काम दिसतं आणि तुम्ही शेजारी कोट घालून उभं राहायचं. लोक ताट हातात घेऊन थांबतात, पडद्याकडे बघतात, तुमच्याकडे बघतात, आणि वॉशरूम कुठे आहे ते विचारतात.

तर या टीव्हीसाठी मी नोव्हेंबरातली एक अख्खी संध्याकाळ मुंबईत करी रोड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात काढली. अ‍ॅबस्ट्रॅक्ट पाठवायचं तर परिषदेच्या पोर्टलला विभागप्रमुखांच्या सही-शिक्क्याचं पत्र हवं होतं, पीडीएफमध्ये, २०० केबीच्या आत. कॉलेजातला स्कॅनर गणपतीपासून बंद. मुदत त्याच रात्री बाराला संपणार.

दुकानाच्या पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन, आधार, भाडेकरार, हयातीचा दाखला असं सगळं होतं. नोव्हेंबर म्हणजे पेन्शनरांचा सीझन. काउंटरवर एक काका बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, मांडीवर प्लॅस्टिकच्या पिशवीत पेन्शनची कागदपत्रं. दुकानदार त्यांचा अंगठा मशीनवर दाबून धरत होता.

‘काका, जोरात दाबा.’

‘अरे किती दाबू? आता पलीकडून बाहेर येईल.’

‘मॅच होत नाही तुमचं.’

‘कोणाशी?’

‘तुमच्याशी.’

काका गप्प झाले. दुकानदार म्हणाला, अंगठ्याला जरा विश्रांती द्या, तोवर या मॅडमचं करतो. आणि त्याने माझं अ‍ॅबस्ट्रॅक्ट उघडलं. त्याच्या स्क्रीनवर अक्षरं एवढी मोठी, की रांगेतल्या शेवटच्या माणसालाही माझा ‘मेथड्स’ वाचता यावा.

वर्डमध्ये शब्द भरत होते २४८. पोर्टल म्हणालं २६३. पोर्टल टिंबाला, टक्क्याला, आडव्या रेघेला, बहुधा माझ्या उसाशालाही शब्द धरतं. मर्यादा २५०. पुढे जायचं बटण राखाडी.

‘किती जास्त होतायत?’ मागून काका.

‘तेरा.’

‘तेराच? कापून देतो.’

‘काका, ते मेडिकलचं आहे हो.’

‘मी फोर्टच्या तार ऑफिसात होतो. रिटायर होईपर्यंत. लोकांची मयतं पाच शब्दांत बसवली आहेत मी. तुमचा लेप्टो काय घेऊन बसलात.’

यावर काय बोलणार? तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आमच्या पिढीला तार माहीत आहे ती आजीकडून ऐकलेली : तार आली की उघडायच्या आधीच रडायला सुरुवात. पण काउंटरच्या त्या बाजूलाही कुणी माणूस असतो, आणि तो शब्दागणिक पैसे मोजत लोकांची वाक्यं सोलत असतो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. काकांनी स्टूल पुढे ओढलं, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि खिशातलं लाल पेन काढलं. स्क्रीनवर लिहिता येणार नाही हे दुकानदाराने त्यांना वेळीच सांगितलं.

‘“इट वॉज ऑब्झर्व्ह्ड दॅट”. कोणी ऑब्झर्व्ह केलं?’

‘आम्हीच.’

‘मग बघितलं म्हणूनच लिहिताय ना? न बघता लिहिता का? काढा. चार गेले. “इन द प्रेझेंट स्टडी”. प्रेझेंट म्हणजे? गेल्या वर्षीची स्टडी सांगायला बसणार आहात का इथे? काढा. आठ.’

मी दुकानदाराकडे बघितलं. त्याने आधीच काढले होते.

‘आणि हे शेवटी काय? “फर्दर स्टडीज आर नीडेड.”’

‘ते लिहावंच लागतं काका.’

‘सगळे लिहितात?’

‘सगळे.’

‘मग त्याला नंबर द्या की! आमच्याकडे शुभेच्छांच्या तारांना नंबर असायचे. दिवाळीचा वेगळा, ईदचा वेगळा, लग्नाचा वेगळा. गिऱ्हाइकाने नंबर सांगायचा, तिकडे अख्खं वाक्य उमटायचं. एकदा एकाने नंबर चुकवला आणि नवरदेवाला निवडणूक जिंकल्याबद्दल अभिनंदन गेलं. उलट तक्रार आली नाही, म्हणजे पटलं असणार. काढा. बारा.’

मी ते वाक्य जाऊ दिलं. विभागप्रमुखांना कळलं तर माझं काही खरं नाही. त्यांच्या मते ‘फर्दर स्टडीज’शिवाय संपणारं संशोधन म्हणजे दक्षिणेशिवाय उठलेला भटजी.

तेराव्या शब्दावर मात्र आमचं वाजलं. काकांना ‘सिग्निफिकंटली’ कापायला हवा होता.

‘तो नाही काका. तो गेला तर काही राहत नाही.’

‘एवढं काय आहे त्यात?’

मी सांगितलं. म्हणजे दोन गटांत मुळात काही फरक नसेलच, तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता वीसात एकापेक्षा कमी. पी व्हॅल्यू ०.०५ म्हणतात ती ही. दरवर्षी एमबीबीएसच्या पोरांना हे शिकवते आणि दरवर्षी मागच्या बाकावर कोणीतरी झोपतं. काका झोपले नाहीत.

‘वीसात एक चालतं तुम्हाला?’

‘तसा संकेत आहे.’

‘आमच्याकडे वीसात एक तार चुकली असती ना, तर दुपारच्या आत मेमो हातात.’

पण शब्द राहिला. तेरावा त्यांनी शीर्षकातल्या एका ‘द’मधून काढला, आणि तो काढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी आमच्या कुठल्याही परीक्षकाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

एवढ्यावर सुटले असते. पण काकांनी आता सबंध अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचलं होतं, आणि त्यांना ते कळलं होतं. तिथे पंचाईत झाली.

‘उंदराच्या मुतातून होतो ना हा?’

‘हो. ते पाण्यात मिसळतं, पायाला खरचटलेलं असलं की तिथून जंतू आत शिरतात. म्हणून तसल्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरला विचारून डॉक्सिसायक्लिन घ्यायची.’

‘२६ जुलैला मी फोर्टवरून चालत घरी आलो. हिंदमाताला छातीपर्यंत पाणी. एक चप्पल गेली. मला काही झालं नाही. गोळी नाही, काही नाही. हे घाला तुमच्यात.’

२००५चा तो दिवस. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे पेशंट वॉर्डात कसे भरले ते आमचे सर अजून सांगतात. मी म्हटलं, काका, एका माणसावरून ठरत नाही. न घेतलेल्यांपैकी बहुतेकांना काही होत नाहीच. थोड्यांना होतं, पण त्यातल्या काहींची किडनी जाते, काही जगत नाहीत. ते थोडे कोण, हे आधी कळत नाही, म्हणून सगळ्यांना द्यायची.

‘म्हणजे गोळी घेतली आणि काही झालं नाही, तर ते गोळीमुळे झालं नाही, की तसंही झालं नसतं, हे त्या माणसाला कधीच कळणार नाही.’

‘नाही कळणार.’

‘मग तो कशाला घेईल?’

मी नुसती बघत राहिले. जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने १९८०च्या दशकात हेच मांडलं : जो उपाय सबंध समाजाला मोठा फायदा देतो, त्यातून एकेकट्या माणसाला फारसं काही मिळत नाही. आम्ही याला प्रिव्हेन्शन पॅराडॉक्स म्हणतो आणि विद्यार्थ्यांना पाच मार्कांना विचारतो. काकांनी तो करी रोडला, न वाचता, अंगठ्याला व्हॅसलीन लावत मांडला.

‘म्हणजे तुम्ही काही झालं नाही याचा दाखला मागताय,’ काका म्हणाले, ‘आणि मी मेलो नाही याचा. आपल्या दोघांचंही सर्व्हर डाऊन.’

रांगेतल्या, भाडेकरारासाठी आलेल्या बाई एवढा वेळ ऐकत होत्या. ‘मी घेतलेली ती गोळी,’ त्या म्हणाल्या. ‘मळमळतं.’

‘उपाशीपोटी घेतली होती का?’

‘मग काय ताट वाढून?’

आमचा ‘रिझल्ट्स’चा निम्मा परिच्छेद बाईंनी एका शब्दात उरकला होता. काकांनी त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं.

पुढचं पान घोषणापत्रांचं. नीतिसमितीचा क्रमांक, संमतीपत्र, हितसंबंध, निधी कोणी दिला. हे सगळं असायलाच हवं, त्यावर माझी तक्रार नाही. पण माझ्या डोळ्यांपुढे मात्र हाफकिन आला. प्लेगने मुंबई ओस पडत असताना भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला स्वतःलाच टोचून घेतली. बसवा त्याला या पोर्टलपुढे. सॅम्पल साइझ : १. कंट्रोल ग्रुप : नाही. हितसंबंध : ताप आहे. बटण राखाडी. किंवा ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड. १७४७ साली जहाजावर स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांपैकी दोघांना संत्री-लिंबं दिली, ते सर्वांआधी बरे झाले. ब्रिटिश नौदलाने लिंबूरस सरसकट द्यायला १७९५ उजाडलं. मधली ४८ वर्षं ‘अंडर रिव्ह्यू’.

मग लेखकांचा रकाना आला आणि माझी गंमत संपली. लेखक जास्तीत जास्त सहा. या सहा जागा कशा भरतात ते कुठल्याही कॉलेजात जाऊन विचारा. ज्यांची सही लागते ते, ज्यांची बढती अडली आहे ते, आणि ज्यांना घातलं नाही तर पुढच्या वर्षी तुमची फाइल हलणार नाही ते. पाण्यातून घरोघर फिरलेल्या आरोग्य स्वयंसेविकांना यात जागा नाही. त्या मानधनावर काम करतात. त्या बरोबर नसत्या तर त्या वस्तीत मला एकानेही दार उघडलं नसतं. ‘डॉक्टरीण आलीय, बिलवाली नाय’ असं ओरडत त्या पुढे चालायच्या. आभाराचा रकाना पोर्टलवर नाहीच. असता तरी त्याचे शब्द अडीचशेत धरले असते.

आणि फी. सादर करणाऱ्याने नोंदणीची फी आधी भरायची, अ‍ॅबस्ट्रॅक्ट नाकारलं तर परत नाही, वर १८ टक्के जीएसटी. एमडीच्या पोरांना पोस्टर नाहीतर पेपर, काही ना काही नावावर लागतंच, म्हणून ती स्टायपेंडमधून भरतात आणि हूं की चूं करत नाहीत. हे पैसे जातात कुठे? हॉटेलात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा. ते सांगणाऱ्या सत्रातून बाहेर आलात की चहाबरोबर फरसाण. मधुमेहाच्या सत्रानंतर गुलाबजाम. मला राग गुलाबजामाचा नाही. तो मी खाते. राग याचा, की त्या एका जेवणाच्या ताटाच्या पैशांत वस्तीत किती जणींना गमबूट आले असते, हा हिशेब त्या हॉलमधल्या प्रत्येकाला करता येतो.

तोवर दुकानदाराने विभागप्रमुखांचं पत्र दाबून दाबून १९८ केबीवर आणलं होतं. सही अळीएवढी उरली होती आणि शिक्का म्हणजे एडिस डास चिरडल्याचा डाग. पोर्टलने आनंदाने घेतलं.

काकांचं शेवटी चेहऱ्यावर जमलं. अंगठा हट्टाला पेटला तर मोबाइलवर चेहरा दाखवून हयात सिद्ध करता येते, फक्त डोळे मिचकवावे लागतात. काका काही मिचकवेनात.

‘काका, मिचकवा.’

‘दुकानात बायका उभ्या आहेत.’

भाडेकरारवाल्या बाई म्हणाल्या, मिचकवा हो, आम्ही तिकडे बघतो. काकांनी मिचकवले आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत सरकारी खात्यात जिवंत झाले. जाताना मला म्हणाले, ‘छापून आलं की माझं नाव घाला. जागा नसेल तर नुसतं “तारवाले” लिहा. एक शब्द.’

दुकानदाराने बिल सांगितलं. स्कॅनचे दहा, पीडीएफ बारीक करायचे वीस, शब्द कमी करायचे पन्नास.

‘शब्द तर काकांनी केले.’

‘स्टूल माझं होतं.’

मी पावती मागितली, कॉलेजातून खर्च मिळतो म्हणून. त्याच्याकडचं पावतीपुस्तक छापील, त्यात त्याच्या नेहमीच्या कामांची नावं, त्यातल्या एकावर टिक करायची. ‘अ‍ॅबस्ट्रॅक्ट’ त्यात कुठून असणार? त्याने जरा विचार करून ‘आधार अपडेट’वर टिक केली.

आता अकाउंट्सचा शेरा आला आहे. ऐंशी रुपये नामंजूर. आधार अद्ययावत करणे हे शैक्षणिक प्रयोजन कसे, याचा लेखी खुलासा करावा. मर्यादा दिलेली नाही. खुलाशाचं तिसरं पान चालू आहे.