सुटी मिनिटं

नोकरी करणाऱ्या आईला वेळ नसतो, ही अफवा आहे. वेळ असतो, पण सगळा सुटा. चार मिनिटं इथे, सात मिनिटं तिथे. आणि वाचन, टीव्ही, लेखन या तिन्ही खिडक्यांवर बंदी नोटच चालते.

वाचनाचं गणित बघा. 300 पानांची कादंबरी, रात्री आडवं झाल्यावर रोज 5 पानं, म्हणजे 60 दिवस. प्रत्यक्षात लागतात 100, कारण रोजच्या पाचांतली दोन कालचीच असतात. डोळ्यांनी ओळी पार केलेल्या, डोक्यात एकही न शिरलेली. त्यात बुकमार्क फक्त पान सांगतो. समोरासमोरच्या दोन पानांवर साठेक ओळी असतात, त्यांतली आपली कुठली हे शोधण्यात चारातलं एक मिनिट जातं. परिच्छेद संपला की थांबावं, हा सल्ला ज्यांना थांबायची वेळ स्वतः ठरवता येते त्यांच्यासाठी. आपल्याला हाक येते ती वाक्याच्या मधोमध. पेन्सिलीने टिंब करावं तर पेन्सिल मुलाच्या कंपासात, तीही मागून चावलेली. म्हणून मी नखाची पुरस्कर्ती आहे: समासात, ओळीच्या अगदी शेजारी, नखाचा हलका दाब. दिवा थोडा तिरका धरला की खूण दिसते, पुस्तक खराब होत नाही आणि नख हरवत नाही. शिवाय 100 दिवस म्हणजे पात्रांची नावं विसरणारच. पहिल्या पानात एक चिठ्ठी ठेवावी: कोण कुणाचा कोण, आणि यातले मेले किती.

मोबाइलवरही वाचता येतं म्हणे. येतं, पण तोच मोबाइल वाजतोही.

टीव्हीपुढे नुसतं बसायचं नसतं, मांडीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग हवा. इथे खरी विद्या आहे ती ढिगाच्या वर्गवारीची. सबटायटल्सच्या फार तर दोन ओळी असतात आणि सहा-सात सेकंदांत त्या जातात. टॉवेलची घडी न बघता होते. मोज्यांचं तसं नाही. काळा आणि गडद निळा यांतला फरक ओळखायला मान खाली घालावीच लागते, आणि तेवढ्यात पडद्यावर कुणीतरी कबुलीजबाब देऊन मोकळा होतो. तेव्हा परभाषेतल्या मालिकेला टॉवेल आणि चादरी. मोजे राखून ठेवावेत आपल्या भाषेतल्या रोजच्या मालिकेसाठी, जिथे एकच धक्का तीन बाजूंनी, ढगांच्या गडगडाटासकट दाखवतात. त्यात दोन जोड्या आरामात लागतात.

पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय मात्र आधीच बंद करावी. ती नेमकी आपले दोन्ही हात इलॅस्टिकच्या बेडशीटमध्ये अडकलेले असताना कामाला लागते. बहुतेक ठिकाणी हे सेटिंग प्रत्येक प्रोफाइलचं वेगळं असतं, त्यामुळे आपल्यात बंद केलं तरी मुलांच्यात चालूच राहतं. दोन्हीकडे जाऊन बंद करा.

राहिलं लेखन. ब्ल्यूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं होतं की पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अर्धवट तोडलेली कामं जास्त लक्षात राहतात. त्या हिशेबाने मला घरातलं यच्चयावत सगळं पाठ असायला हवं. पण युक्ती उपयोगी आहे: उठताना वाक्य मुद्दाम अर्धं सोडावं, पुढचे दोन शब्द फक्त टिपून ठेवावेत. परत बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही.

हात ओले असतील तर बोलून टाइप करावं. त्यात अडचणी दोन. क्षणभर गप्प राहिलं की माइक आपोआप मिटतो, म्हणजे विचार करायला बंदी, नुसतं बोलत सुटायचं. आणि माइकला नायिका कोण, मुलगा कोण हे कळत नाही. मग कागदावर उतरतं, ‘ती खिडकीतून दूरवर पाहत राहिली बूट जागेवर ठेव आधी.’ ‘पूर्णविराम’ म्हटल्यावर कधी दंड पडतो, कधी टिंब, कधी तो अख्खा शब्दच. अशी वाक्यं लगेच खोडू नयेत, बाकीच्या मजकुरापेक्षा त्यांच्यातच जीव जास्त असतो.

सगळ्यांत भरवशाचा अजूनही पाठकोरा कागदच. फक्त तो शाळेच्या नोटिशीचा नाही ना, हे उलटून बघावं. कथेचा शेवट तिच्यामागे लिहिला, तर सकाळी खाली सही करून तो बाईंकडे पाठवावा लागतो.