बिनपगारी, फुल अधिकारी

ज्या सरकारला जमीन नाही, तिजोरी नाही आणि पोलीसही नाहीत, त्यातलं एक खातं सांभाळायला असा कितीसा त्रास होणार, असं कोणालाही वाटेल. पण सरकारातून जमीन, तिजोरी आणि पोलीस वजा केले की मागे जे उरतं, ते सगळं तिथे मुबलक असतं. पदं असतात, नियमावली असते, बैठका असतात, आणि रुसवेफुगवे तर खऱ्या मंत्रिमंडळाने शिकवणी लावावी असे असतात. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण अशा एका सरकारात मी मतदान खात्याचा मंत्री होतो.

खेळाचं नाव नेशनस्टेट्स. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकाने तो २००२ साली सुरू केला, आपल्या येऊ घातलेल्या कादंबरीची जाहिरात व्हावी म्हणून. कादंबरी वाचून संपते; हा खेळ वीस वर्षं उलटून गेली तरी संपायचं नाव घेत नाही. यात प्रत्येकाने एक देश काढायचा. त्याला नाव, झेंडा, चलन, राष्ट्रीय प्राणी आणि ब्रीदवाक्य द्यायचं, आणि समोर येतील त्या पेचांवर निर्णय घेत त्याचं भलं किंवा वाटोळं करायचं. इथपर्यंत आनंदीआनंद आहे. विरोधी पक्ष नसेल तर देश कोणीही चालवू शकतो.

घोळ पुढे होतो. अनेक देश मिळून एक रीजन होतं आणि सगळ्या रीजनांच्या डोक्यावर वर्ल्ड असेंब्ली बसते. आधी तिचं नाव चक्क युनायटेड नेशन्स होतं. मग खऱ्या युनायटेड नेशन्सकडून, हे नाव वापरू नका, अशी कायदेशीर तंबी आली आणि २००८ मध्ये नाव बदललं. तेही १ एप्रिलला, म्हणजे खरं सांगूनही कोणाला पटू नये. मला त्या तंबीचा मनापासून हेवा वाटतो. आमच्या खात्याची इतकी गंभीर दखल आमच्या डेलिगेटने, म्हणजे असेंब्लीतल्या आमच्या रीजनच्या प्रतिनिधीनेसुद्धा, कधी घेतली नाही.

तर या असेंब्लीत ठराव येतात, एकेका ठरावावर चार दिवस मतदान चालतं, आणि तो मंजूर झाला की सगळ्या सभासद देशांना लागू होतो. सभासदाला मत एकच. मात्र रीजनच्या डेलिगेटला, त्याच्या रीजनमधल्या जितक्या सभासदांनी एंडोर्समेंट, म्हणजे जाहीर पाठिंबा, दिली असेल, तितकी मतं वरून मिळतात. मोठ्या रीजनच्या डेलिगेटने एक बटण दाबलं की शेकडो मतं धपकन एका बाजूला पडतात. ते बटण त्याने कोणत्या बाजूचं दाबावं, हे ठरवण्यासाठी आमच्या रीजनच्या सरकारातलं आमचं खातं. ठराव वाचा, रीजनमधल्या लोकांचा कौल घ्या, शिफारस लिहा, डेलिगेटला कळवा. संपलं काम. बटण एक, बोट एक आणि त्या बोटामागे अख्खं कार्यालय.

कार्यालय म्हटलं की माणसं आली. मी भरतीची जाहिरात दिली आणि अर्जांचा पाऊस पडला. अर्जात ‘तुम्ही आठवड्याला किती वेळ देऊ शकाल?’ हा रकाना बहुतेकांनी मोकळा सोडला होता. ‘अपेक्षित पद’ हा रकाना मात्र समासापर्यंत भरून वाहत होता. त्यामुळे खात्याची रचना झाली ती अशी: एक मंत्री, दोन उपमंत्री, उपमंत्र्यांचे सहायक, एक मुख्य विश्लेषक आणि बाकी सगळे वरिष्ठ विश्लेषक. साधा विश्लेषक एकही नव्हता. साधा व्हायला कोणी तयारच नव्हतं.

यात हसण्यासारखं काही नाही. जिथे पगार देता येत नाही तिथे पद हाच पगार असतो, आणि पगारात घासाघीस कोण करत नाही? डिस्कॉर्डवर, म्हणजे आमच्या गप्पांच्या अ‍ॅपवर, नावाचा रंग हिरव्याचा जांभळा झाला की माणूस चार ठराव जास्त वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पाचव्या ठरावाला त्याला नवा रंग लागतो. आमचे रंग संपले तेव्हा मी एकाच जांभळ्याच्या छटा पाडल्या. त्यावर फिका जांभळा आणि गडद जांभळा यांत ज्येष्ठ कोण, या विषयावर जी चर्चा झाली तितकी सखोल चर्चा आमच्याकडे कुठल्याच ठरावावर झाली नाही.

पगार नाही म्हणजे पगारकपातही नाही. नोटीस काढावी तर माणूस लॉगआउट करतो. आणि या खेळात सलग २८ दिवस लॉगिन केलं नाही की तुमचा देशच नकाशावरून पुसला जातो. खऱ्या कचेरीत कर्मचारी दांडी मारतो. इथे तो देशासकट अंतर्धान पावतो. आमच्या एका वरिष्ठ विश्लेषकाचं पेंग्विनांचं साम्राज्य होतं. कोट्यवधी प्रजा, झेंड्यावर पेंग्विन, पेंग्विनाच्या डोक्यावर मुकुट. एका पर्यावरणविषयक ठरावाचा मसुदा त्याच्याकडे होता. मी आठवण केली, पुन्हा केली, मग जरा कडक शब्दांत केली, आणि एका सकाळी पाहतो तर साम्राज्यच नाही. वाटलं, माझ्या कडक शब्दांचाच परिणाम. पुढे बऱ्याच दिवसांनी सम्राट पुन्हा लॉगिन झाले, साम्राज्य होतं तसं उभं राहिलं आणि चॅनेलवर निरोप आला, ‘सॉरी, परीक्षा होती. तो मसुदा अजून हवाय का?’ तोवर तो ठराव मंजूर होऊन, राबवला जाऊन, रद्द करण्याच्या हालचालीही सुरू झाल्या होत्या.

माणसं धड होईनात म्हणून मी नियमावलीकडे वळलो. मतदान सुरू झाल्यापासून २४ तासांत शिफारस तयार पाहिजे, एवढा एकच नियम करायचा माझा विचार होता. मुख्य विश्लेषकाने विचारलं, ‘२४ तास कोणाचे?’ एक उपमंत्री उठायचा तेव्हा दुसरा झोपायला जायचा, आणि सहायक कोणत्या टाइमझोनमध्ये आहे हे शेवटपर्यंत कळलं नाही. तो कधीही विचारा, ‘आत्ता माझ्याकडे रात्र आहे’ असंच सांगायचा. मग वेळेची व्याख्या आली. व्याख्येला अपवाद आले. अपवाद कोणी मंजूर करायचे यासाठी उपसमिती आली. शेवटी नियमावली रीजनच्या विधिमंडळापुढे गेली. मतदान कसं करावं यावर तिथे मतदान झालं, आणि ते पुरं होईपर्यंत असेंब्लीतले कितीतरी ठराव आमच्या नियमावलीवाचून सुरळीत निकाली निघाले.

खरी मजा ठराव वाचण्यात. ठरावाची भाषा अशी, की ‘लक्षात घेऊन’ने सुरू झालेलं वाक्य ‘चिंता व्यक्त करून’, ‘खात्री पटून’ अशी स्टेशनं घेत ‘याद्वारे’पर्यंत पोचतं तेव्हा वाचणारा सुरुवात विसरलेला असतो. त्यात असेंब्लीचा एक नियम भलताच कडक आहे: मतदानाला आलेल्या ठरावात दुरुस्ती नाही. काना नाही, मात्रा नाही. आहे तसा घ्या किंवा पाडा. मंजूर झाल्यावर चूक सापडली तर आधी तो रद्द करण्याचा ठराव आणायचा, त्यात नवीन कायदा घुसडायचा नाही, आणि सुधारित कायद्यासाठी पुन्हा वेगळा ठराव. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे इथे कोणी गंमत म्हणून बोलत नाही.

दुरुस्ती करताच येत नाही, तर दुरुस्त्या सुचवूच नयेत, हे साधं गणित. पण आमचा मुख्य विश्लेषक स्वल्पविरामांचा माणूस होता. मासेमारीवरच्या एका ठरावात तिसऱ्या कलमात एक स्वल्पविराम जास्त पडला होता आणि त्यामुळे, त्याच्या मते, तो कायदा पाणबुड्यांनाही लागू होत होता. ‘पाणबुडी मासे पकडते का?’ असं मी विचारलं. तो म्हणाला, ‘पकडत नाही, पण आता पकडली जाईल.’ त्यावर एक सभासद धावून आला. त्याच्या देशातले नागरिकच मासे होते. त्याला पाणबुडीचं सोयरसुतक नव्हतं. तो म्हणाला, ‘या ठरावानुसार माझ्या अर्थमंत्र्याला जाळ्यात पकडायला हरकत नाही असं दिसतं.’ या खेळात कोणाचे नागरिक रोबॉट असतात, कोणाचे सरपटणारे, कोणी अवकाशात राहतं तर कोणाला अजून चाकाचा शोध लागायचा असतो. कायदा मात्र सगळ्यांना सारखा. म्हणून ‘व्यक्ती’ म्हणजे कोण, हा वाद तिथे कधीच जुना होत नाही. आमचाही तो रात्रभर चालला. सकाळी मी शिफारशीत काय ठरलं ते पाहायला गुगल डॉक उघडलं. पहिला परिच्छेद ठरावाच्या बाजूने होता, दुसरा विरोधात, तिसऱ्यात अर्थमंत्र्याविषयी सहानुभूती होती, आणि शेवटच्या ओळीत कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘कृपया हा भाग नंतर लिहावा.’

यातून मी एक वाक्य तयार केलं: ‘ठरावाचा हेतू स्तुत्य आहे, मात्र अंमलबजावणीबाबत काही प्रश्न उपस्थित होतात.’ हे वाक्य कुठल्याही ठरावाला चालतं. बाजूने शिफारस करायची असेल तर पहिला अर्धा भाग ठळक करायचा, विरोधात असेल तर दुसरा. माझ्या कारकिर्दीतलं हे एकमेव टिकाऊ काम, असं माझे विरोधक म्हणतात आणि समर्थकही.

वेळेला इतकं महत्त्व का, हेही सांगितलं पाहिजे. मोठे डेलिगेट पहिल्या दिवशीच मत टाकतात. मग बाकीचे येतात, ठराव न वाचता आकडे वाचतात आणि जिकडे पारडं जड तिकडे उडी घेतात. अशा लोकांना खेळात लेमिंग म्हणतात. म्हणजे शिफारस पहिल्या दिवशी निघाली तर तिला वजन, चौथ्या दिवशी निघाली तर वरातीमागून घोडं. आमची घोडी नेहमीच सुदृढ, सजवलेली आणि चौथ्या दिवशीची.

एकदाच नवल घडलं. शिफारस वेळेत निघाली, अगदी स्वल्पविरामांसकट. पण रीजनचा कौल नेमका बरोबरीत सुटला. नियमावलीत लिहिलं होतं, बरोबरी झाल्यास निर्णय डेलिगेटचा. मी डेलिगेटला कळवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘मी खात्याच्या सल्ल्याने जाईन.’ खात्याची शिफारस उघडली. तिच्यात लिहिलं होतं, ‘रीजनच्या कौलाचा आदर करावा.’ रीजनने कौल दिला नव्हता. मग मी उपमंत्र्यांना विचारलं, उपमंत्र्यांनी मुख्य विश्लेषकाला, मुख्य विश्लेषकाने नियमावली पाहिली आणि निर्णय डेलिगेटचा असल्याचं मला निदर्शनास आणून दिलं. डेलिगेट तोवर झोपले होते. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी बटण दाबावं अशी सोय नाही, कारण एका माणसाला असेंब्लीत एकच देश ठेवता येतो आणि डेलिगेटचा देश डेलिगेटच्याच हातात. आम्ही सगळे जांभळे आळीपाळीने त्यांना हाका मारत बसलो. ते उठले तेव्हा मतदान संपलं होतं, आणि चॅनेलवरचे निरोप पाहून त्यांनी लिहिलं, ‘वा! खातं जोरात चाललंय.’

ही झाली वर्ल्ड असेंब्लीतली कायदे करणारी जनरल असेंब्ली. तिच्या शेजारी २००९ पासून सिक्युरिटी कौन्सिलही आहे, आणि तिथे देशांचा गौरव करण्याचे किंवा निषेध करण्याचे ठराव येतात. गौरव समजू शकतो. पण निषेध झालेल्या देशाच्या पानावरही बिल्ला लागतो, त्यामुळे मातब्बर खेळाडूंना निषेधाचंच जास्त अप्रूप. आमच्या डेलिगेटचा एक मित्र एकदा माझ्याकडे आला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, ‘साहेब, माझा निषेध होतोय. तेवढी बाजूने शिफारस करा.’ मी प्रकरण रीतसर खात्याकडे पाठवलं. खात्याने इमानदारीत अभ्यास केला आणि अहवाल दिला: सदर देशाने निषेध करण्याइतकं वाईट अद्याप काही केलेलं नाही. झालं! तो इतका दुखावला की त्याने रीजन सोडलं, जाताना डेलिगेटला दिलेली एंडोर्समेंटही गेली, आणि पाठोपाठ त्याचे चार मित्र गेले. आता मात्र त्याने निषेध करण्यासारखं केलं होतं. मुख्य विश्लेषकाने तत्परतेने सुधारित अहवाल लिहायला घेतला.

त्यानंतर निवडणूक झाली आणि नवे डेलिगेट आले. नव्यांनी येताच खात्याची पुनर्रचना केली, म्हणजे नाव बदललं, माणसं तीच ठेवली आणि प्रत्येकाला एक पायरी वर चढवलं. पेंग्विनसम्राट आता उपमंत्री आहेत. मला त्यांनी सल्लागार नेमल्याचा टेलिग्राम, म्हणजे खेळातला निरोप, आला. सल्लागाराने नेमकं काय करायचं, हे विचारलं तर म्हणाले, ‘विचारल्याशिवाय काही नाही.’ इतकी सुटसुटीत नेमणूक मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी ताबडतोब होकार कळवला आहे. फक्त ‘ज्येष्ठ सल्लागार’ करता येईल का, आणि रंग कोणता, एवढंच विचारून ठेवलंय.