किट गिटारचे सगळे पार्ट आधीच बदलायचे? आधी तारा तर चढवा

सुट्या भागांचं किट आणून स्वतः इलेक्ट्रिक गिटार जोडायचा विचार कुणी बोलून दाखवला, की एक सल्ला हमखास मिळतो. व्हॉट्सॲपवर फिरतो, दुकानात मिळतो, बँडमधला एखादा मित्रही देतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर हाच: ‘किटमध्ये लाकूड तेवढं कामाचं, बाकी सगळा कचरा. पिकअप, ट्यूनर, नट, ब्रिज, वायरिंग सगळं जोडायच्या आधीच बदला. नाहीतर गिटार सुरात राहणार नाही आणि आवाजही मिळणार नाही. शिवाय चांगले पार्ट घातले की विकताना पैसे वसूल.’

बहुतेकजण पहिलं किट स्ट्रॅटोकास्टरच्या धर्तीचं घेतात: तीन सिंगल कॉइल पिकअप, सहा स्क्रूंवर डुलणारा ट्रेमोलो (दांडा दाबून तारांचा सूर खालीवर करणारा ब्रिज), स्क्रूंनी बॉडीला जोडलेला नेक, म्हणजे मान. म्हणून तेच समोर ठेवून एकेक वाक्य तपासू.

‘पिकअप कचरा असतात, सर्वांत आधी ते बदला.’

पिकअप तारेच्या थरथरण्याचा विद्युत संकेत करतो. तो म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. स्वस्त पिकअपमध्ये बहुधा लोखंडी खुंट्या असतात आणि खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी चिकटवलेली असते. पारंपरिक पद्धतीच्या महाग पिकअपमध्ये त्या खुंट्याच अल्निको चुंबकाच्या असतात. यानं आवाजात फरक पडतो, हे मान्य. पण वेगळा आवाज म्हणजे बिघाड नव्हे. शिवाय आवाजातली ‘चमक’ कुठे येणार हे एकटा पिकअप ठरवत नाही. कॉइलचं इंडक्टन्स आणि अँपपर्यंत (अँप्लिफायरपर्यंत) जाणाऱ्या केबलचं कपॅसिटन्स हे दोन विद्युत गुणधर्म मिळून एका ठरावीक कंप्रतेला उठाव देतात. अडीच हेन्रीचं कॉइल आणि ५०० पिकोफॅरडची केबल, म्हणजे साधारण पाच मीटरची, घेतली तर तो उठाव साडेचार किलोहर्ट्झच्या आसपास येतो. केबल दुप्पट लांब घेतली की तोच सव्वातीनच्या खाली उतरतो. आवाज बोथट वाटतोय म्हणून पिकअप बदलणाऱ्यांनी आधी केबल बदलून पाहावी, आणि अँपचा स्पीकर केवढा आहे तेही पाहावं. सहा इंची प्रॅक्टिस अँपवर जगातला कुठलाही पिकअप सहा इंचांतूनच बोलणार.

उंचीचं तर कुणी नावही काढत नाही. शेवटच्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार दाबून धरायची आणि पिकअपच्या खुंटीपासून तारेपर्यंतचं अंतर मोजायचं. जाड तारेखाली सुमारे २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर, ही सुरुवातीची चांगली मापं आहेत. किट जोडून झालं की पिकअप कुठेतरी खोल गेलेले किंवा तारांना जवळजवळ टेकलेले असतात. खोल गेले की आवाज मरतो आणि दोष ‘स्वस्त’ या शब्दावर जातो. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत कान देऊन ऐकलं, तर निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पिकअप बदलायचं योग्य कारण कसं असतं याचं उत्तम उदाहरण ब्रायन मे यांचं. क्वीन बँडचा हा गिटारवादक १९६३ साली वडिलांसोबत घरीच गिटार बनवायला बसला. नेक जुन्या फायरप्लेसच्या महोगनीतून कोरला, ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा लावल्या. पिकअपही आधी स्वतःच बनवले होते. पण तार ओढून सूर चढवला की ती चुंबकाच्या ध्रुवांवरून सरकायची आणि विचित्र आवाज यायचा. म्हणून मग बर्न्स कंपनीचे ट्राय-सॉनिक विकत आणले. दोष काय, तो कधी येतो आणि कशामुळे येतो, हे तिन्ही ठाऊक असताना केलेली ही खरेदी होती. आणि त्या दोषासाठी बदलले ते फक्त पिकअप. घरचा ट्रेमोलो आजही त्या गिटारवर आहे.

किटच्या पिकअपमध्ये खरोखरचे बिघाडही असतात. आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारू लागतो, कारण वेढे सैल असतात आणि ते स्वतःच थरथरतात. यावर मेण हा जुना उपाय आहे. पॅराफिनमध्ये थोडं मधमाशांचं मेण मिसळून ते गरम पाण्याच्या भांड्यात, कधीही थेट आचेवर नाही, ६५ अंशांच्या आत वितळवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप त्यात बुडवून ठेवायचा. तापमान वाढलं तर प्लॅस्टिकची बॉबिन वाकडी होते, एवढं सांभाळायचं. एखादा पिकअप मुका असेल तर मात्र तो बदलावाच लागतो, पण तो विक्रेत्यानं बदलून द्यायचा. घोंघाव हे कारण तर अजिबात पटत नाही. आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची घरघर प्रत्येक खरा सिंगल कॉइल पकडतो, कितीही महाग असला तरी. पिकअपच्या पोकळीला आतून तांब्याची टेप लावून ती अर्थला जोडली की थोडी घट होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची घरघर त्यानंही जात नाही, तिथे हमबकरच, म्हणजे घरघर एकमेकांत मारणाऱ्या दोन कॉइलांचा पिकअपच, लागतो.

‘ट्यूनर स्वस्त असतात, म्हणून सूर टिकत नाही.’

ट्यूनर म्हणजे तारा ताणायच्या चाव्या, आणि त्यांत वर्म गिअर असतो. चावी फिरवली की खुंटी फिरते, पण तारेनं कितीही ओढलं तरी खुंटीकडून चावी उलटी फिरत नाही. म्हणजे धड असलेला स्वस्त ट्यूनरही ‘घसरून’ सूर सोडत नाही. त्याच्या दात्यांत थोडी मोकळीक असते, म्हणून सूर नेहमी खालून वर चढवत लावायचा. चढला तर पुन्हा खाली उतरवून वर यायचं.

मग सूर जातो कुठे? बहुतेक वेळा नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचेत. ओळखायची खूण सोपी आहे. तार ओढून सोडल्यावर सूर उतरलेला राहतो आणि ट्रेमोलो दाबून सोडल्यावर चढलेला राहतो, तर तार खाचेत अडकते आहे. ट्यून करताना मध्येच ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर उडी मारतो, तेही तेच. त्याखालोखाल कारणं म्हणजे नव्या तारा ताणून न घेणं, खुंटीवर वेढे एकमेकांवर चढणं, आणि ट्रेमोलोच्या सहा स्क्रूंपैकी मधले चार जास्त आवळलेले असणं. हजारोंचे लॉकिंग ट्यूनर (तार खुंटीतच आवळून धरणारे) लावले तरी खाच तशीच राहते.

दांडा वाकलेला, चावी हलणारी किंवा बुशिंग सैल असेल, तर ट्यूनर बदला. त्याआधी हेडस्टॉकची, म्हणजे नेकच्या ट्यूनर बसतात त्या टोकाची, भोकं मोजा. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरला पावणेनऊ मिलिमीटरच्या आसपासचं भोक लागतं, नव्या पद्धतीच्या ट्यूनरला दहाचं. लहान भोक मोठं करता येतं. मोठं झालेलं भोक लहान करायला सुताराकडे जावं लागतं.

‘नट प्लॅस्टिकचा असतो, फेकून द्या.’

इथे सल्ला देणाऱ्यांशी माझं अर्धं जमतं. किटचा नट अनेकदा पोकळ प्लॅस्टिकचा असतो आणि खाचा उथळ असतात. खाच उथळ म्हणजे तार उंच, आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटवर दाबताना ती जास्त ताणली जाते. म्हणून मोकळ्या तारा अगदी सुरात असूनही साधी सी कॉर्ड बेसूर लागते, आणि शिकणारा बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबा आणि पहिल्या फ्रेटवर पाहा. तिथे तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट हवी.

पण ही फट नवा नट आणून आपोआप मिळत नाही. हाडाचा तयार नटसुद्धा खाचा उंच ठेवूनच येतो, त्या त्या गिटारवर घासण्यासाठी. तंबोऱ्याचा आवाज लागला नाही तर मिरजेचा कारागीर भोपळा बदलत नाही, जवारी काढतो, म्हणजे तारांखालची घोडी घासून नीट करतो. नटचंही तसंच. प्लॅस्टिकच्याच नटवर बारीक कानशीनं, मागच्या बाजूला किंचित उतार ठेवून खाच नीट करून पाहावी. जास्त खोल गेली आणि मोकळी तार फ्रेटवर खणखणू लागली, तर हाडाचा घ्या. सगळ्या यादीतली ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खरेदी आहे.

‘जड ब्लॉकचा ब्रिज लावा, सस्टेन दुप्पट.’

सस्टेन, म्हणजे छेडलेला सूर टिकण्याचा काळ, दुप्पट नाही होत. किटमधल्या ट्रेमोलोचा ब्लॉक, म्हणजे त्याच्या खालचा धातूचा ठोकळा, बारीक आणि जस्ताच्या मिश्रधातूचा असतो हे खरं. पोलादी ब्लॉकनं झालेला फरक काहींना ऐकू येतो, काहींना नाही. मापाचा घोटाळा मात्र नक्की होतो. तारांमधलं एकूण अंतर काही ब्रिजवर ५२.५ मिलिमीटर असतं, जुन्या फेंडर मापात सुमारे ५६. स्क्रूंची भोकं जुळत नाहीत, ब्लॉक पोकळीतून बाहेर डोकावतो. महाग ब्रिज हातात आणि गिटार तिरकी, असं होण्यापेक्षा आहे तो ब्रिज बसवून इंटोनेशन लावावं, म्हणजे प्रत्येक तारेची लांबी अशी जुळवावी की वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर येईल.

‘पॉट, कपॅसिटर, वायर सगळं नवं.’

कपॅसिटरचा रंग आणि ब्रँड यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, तो वेळ मल्टिमीटरला द्यावा. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचे पॉट (आवाज आणि टोनची बटणं ज्यांवर फिरतात ते), हमबकरला ५००, ही प्रथा आहे. पॉट हातात घेऊन मोजा. आकडा जवळपास असेल आणि फिरवताना खरखर नसेल, तर राहू द्या. जॅक (केबल लावायची जागा) आणि पाच टप्प्यांचं स्विच मात्र बदललेलं बरं. स्वस्त जॅकची पट्टी लवकर सैल पडते आणि नेमका कार्यक्रमात आवाज जातो. वायरिंगमध्ये बिघाड निघालाच तर तो बहुधा पार्टचा नसतो, आपल्याच हातच्या थंड, म्हणजे नीट न वितळलेल्या, सोल्डरचा असतो.

‘जोडायच्या आधीच बदला.’

सल्ल्यातलं हे वाक्य सर्वांत महाग पडतं. गंमत म्हणजे सल्ल्यात फ्रेटचा उल्लेखच नाही. फ्रेटची टोकं बोचणं, एखादा फ्रेट उठलेला असणं, ट्रस रॉड (नेकचा बाक जुळवणारी आतली सळई) फिरतच नसणं, हे किटचे खरे आजार आहेत. यांपैकी एकही कुठल्या नव्या पार्टनं बरा होत नाही. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसून टोकं बाहेर येतात, कोकणातल्या पावसाळ्यात नेक फुगून त्याचा बाक बदलतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून मधल्या सातव्या-आठव्या फ्रेटजवळ पाव मिलिमीटर फट ठेवायची असते, आणि ती ऋतू बदलला की पुन्हा तपासायची.

आधी ठरवायलाच हव्यात अशा गोष्टी आहेत, पण त्या लाकूड कापण्याच्या: ट्यूनरची भोकं, ब्रिजचे स्क्रू, हमबकरसाठी मोठी पोकळी. रंग लागल्यावर ड्रिल चालवलं की रंगाचे टवके निघतात. म्हणून कोऱ्या लाकडावरच किटच्याच पार्टनी एकदा पूर्ण जोडणी करा. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिलिमीटर येतात का, सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) ६४८ च्या जवळ बसतं का, बाहेरच्या दोन्ही तारा नेकच्या कडांपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते पाहा. चार-सहा आठवडे वाजवा. जे खटकेल ते लिहून ठेवा, मग सगळं सोडवा, रंग द्या आणि फक्त खटकलेलं बदला. रंगासाठी पावसाळा टाळलात तर बरं, दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो.

‘विकताना पैसे वसूल.’

हेडस्टॉकवर कंपनीचं नाव नसलेल्या गिटारला वापरलेल्या बाजारात किटचाच भाव मिळतो. आत काय घातलंय ते घेणाऱ्याला दिसत नाही, आणि सांगितलं तरी तो पैसे मोजत नाही. नामांकित पिकअपचा तीनचा संच पुष्कळदा अख्ख्या किटहून महाग असतो, त्यामुळे तोटा दुहेरी. घातलेच असतील, तर किटचे मूळ पार्ट पिशवीत जपून ठेवा. विकायची वेळ आली की ते परत बसवा, महाग पिकअप काढून वेगळे विका किंवा पुढच्या गिटारला लावा.