आमचा आज्जा शेणोलीच्या गाडीवर नव्हता

7 जून जवळ आला की आमच्याकडचे सगळे व्हॉट्सॲप ग्रुप तापतात. 1943 साली याच दिवशी साताऱ्यातल्या शेणोली स्टेशनजवळ तुफान सेनेच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या दलाच्या पोरांनी रुळावर दगड रचून रेल्वेची पगाराची गाडी अडवली आणि 19 हजारांच्या आसपास रक्कम प्रतिसरकारच्या कामासाठी नेली. पुढं होते जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ. हे सगळं खरंय, अभिमान वाटावा असंच आहे. पण आता आमच्या पंचक्रोशीत ज्याला विचाराल त्याचा आज्जा त्या गाडीवर होता म्हणे. एवढी माणसं खरोखर चढली असती तर दगड रचायची गरजच नव्हती, वजनानंच गाडी थांबली असती!

तर सांगायचं म्हणजे आमचा आज्जा त्या गाडीवर नव्हता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये धुळ्याकडं चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा, तिथं पण नव्हता. तो तुफान सेनेतला साधा सैनिक होता, आणि साध्या सैनिकाचं काम काय असायचं हे आता कुणी सांगतच नाही म्हणून एवढं टाईप करतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, वाळवा तासगाव खानापूर सगळं साताऱ्यातच. 42 च्या सप्टेंबरात तासगावचा मोर्चा झाला, मग वडूजला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला मोर्च्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर पोरांनी ठरवलं की आता मोर्चे बास. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, एके काळी तलाठी होते ते, त्यांच्या नावानं 43 पासून प्रतिसरकार उभं राहिलं. गावात न्यायनिवाडा, दारूबंदी, सावकाराला चाप, कमी खर्चाची गांधी लग्नं. आणि हे सगळं राखायला तुफान सेना. कुंडलला तिचं ट्रेनिंग चालायचं, आणि त्याला एक कारण असं की कुंडल औंध संस्थानात होतं. आमचं गाव खालसात, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीत. शिव ओलांडली की हद्द बदलली, पोलिसांची पंचाईत. आमच्या आज्जाचं निम्मं अंडरग्राउंड आयुष्य त्या शिवेच्या अलीकडं पलीकडं गेलं असं म्हटलं तरी चालेल.

काम काय? चिठ्ठ्या पोचवायच्या. बैठक असली की गावाच्या तोंडाशी रात्रभर जागं राहायचं. कुणी मोठा माणूस येणार असला की त्याला ओढ्याओढ्यानं, शाळूच्या रानातनं पलीकडच्या गावापर्यंत सोडून यायचं आणि उजाडायच्या आत कुठंतरी गंजीत जाऊन पडायचं. पहाटे माळावर कवायत, बंदूक नाही, काठीच. बंदुका मोजक्या होत्या आणि त्या मोठ्या कामाला जायच्या. आज्जा म्हणायचा की सगळ्यात जास्त त्रास भुकेचा आणि पायांचा. मी लहान असताना मला फार निराशा वाटायची ही असली उत्तरं ऐकून, मला बंदूक पाहिजे असायची.

आता भूक म्हटलं की आज्जीकडं यावंच लागतं. युद्धाचा काळ, धान्याची लेव्ही म्हणजे सरकारची सक्तीची वसुली, घरात जोंधळा मोजकाच, आणि रात्री मागच्या दारावर टकटक झाली की चार माणसं उभी. बरं रात्री चूल पेटवायची नाही, धूर दिसला की शेजारी विचारणार आणि शेजाऱ्यानं विचारलं की पाटलाला कळणार. म्हणून ती काय करायची, सकाळी सगळ्या गावाच्या चुली पेटलेल्या असतात तेव्हाच जादा भाकरी थापून ठेवायची आणि फडक्यात बांधून रिकाम्या कणगीत टाकायची. रात्री तीच भाकरी, वर चटणी. कुणी नाही आलं तर दुसऱ्या दिवशी घरातल्यांनी शिळी खायची, कोर टाकायची नाही. ही काय कमी शिस्तीची कवायत आहे का सांगा.

पोलीस यायचे, भांडी अंगणात फेकायचे, एकदा तांब्याची घागर घेऊन गेले ती परत दिलीच नाही. नवरा कुठाय विचारलं की ठरलेलं उत्तर, "मुंबैला हायती, गिरणीत." आमच्याकडची निम्मी पोरं तेव्हा खरंच गिरणीत होती त्यामुळं हे खपायचं. पण 44 साली थोरल्या आत्याच्या वेळी आज्जीला दिवस गेले आणि ते दिसायला लागलं. फौजदारानं चारचौघांत विचारलं, नवरा मुंबईत आणि हे कसं? आज्जी म्हणाली, "मागल्या जत्रंला आलतं. मोजा की म्हैनं." सासरा शेजारी मान खाली घालून उभा, गावातली माणसं बघतायत, आणि ही बाई, वय असेल विसाच्या आतबाहेर. जत्रेला आज्जा आला नव्हता हे गावाला माहीत होतं. कुणी बोललं नाही त्या वेळी, पण नंतर पाणवठ्यावर बायका बोलल्याच, आणि तिला खरं काय ते सांगताही येईना. हे तिनं साधारण दोन अडीच वर्षं सोसलं. 46 ला वॉरंट उठली, नाना पाटील उघडपणे गावोगाव फिरायला लागले, आज्जा घरी आला, तेव्हा कुठं तोंडं बंद झाली.

हौसाताई पाटलांचं, म्हणजे नानांच्या लेकीचं नाव आता लोकांना माहीत झालंय, बरं झालं, गोव्यातली मांडवी नदी रात्रीची ओलांडून आलेली बाई ती. पण घरात बसून हे सगळं निभावणाऱ्या बायका कुठल्या यादीत आहेत?

यादीवरनं आठवलं. 1972 ला स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाली. तुरुंगात किमान सहा महिने काढल्याचा पुरावा द्या, नाहीतर भूमिगत होता तर वॉरंट, फरारी असल्याचा जाहीरनामा असलं काहीतरी दाखवा, किंवा ज्यानं स्वतः मोठी शिक्षा भोगलीय त्याचा दाखला आणा. आमचा आज्जा सापडलाच नाही! ज्याचं कामच न सापडण्याचं होतं त्याला तुम्ही सापडल्याचा कागद मागताय. अर्ज केला, त्रुटी आली, परत केला, परत त्रुटी, नंतर म्हणाला जाऊ दे, मी काय पगारी नव्हतो. त्याची फाईल अजून आहे चुलत्याकडं. आणि दुसरीकडं दाखले कसे मिळायचे, कुणाकुणाला मिळाले, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही.

एक गोष्ट मात्र सांगणार, घरच्यांना आवडणार नाही. प्रतिसरकार गुन्हेगाराला, खबऱ्याला पत्र्या मारायचं, म्हणजे तळपायावर मार. अशाच एका रात्री आज्जानं एका माणसाचे पाय धरले होते. परका नव्हता, भावकीतलाच. खबर दिली असा संशय. होती का नव्हती हे आज्जाला शेवटपर्यंत नक्की माहीत नव्हतं, हे त्यानंच मला सांगितलं, आणि तो माणूस पुढं आयुष्यभर टाच टेकवून नीट चालला नाही. त्या घराशी आमचं लग्नकार्याचं जाणंयेणं माझ्या वडिलांच्या पिढीपर्यंत बंद होतं. मला विचाराल तर प्रतिसरकारनं जे केलं त्यातलं बरंचसं आजच्या सरकारांनाही जमत नाही, सावकाराच्या घशातनं जमीन काढून देणं म्हणजे गंमत नाही. पण रात्रीत खटला आणि रात्रीतच शिक्षा, अपील कुणाकडं करणार? हे पण त्याच इतिहासात आहे. व्हिडिओ करणारे पत्र्या मारायचा भाग हसत हसत सांगतात, खाली लोक लिहितात आता परत पाहिजे हे. त्या घरातला नातू माझ्या वर्गात होता, त्याच्यासमोर लिहून बघा.

47 नंतर आज्जा शेकापकडं, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडं गेला, सभांना सतरंज्या टाकायचा, निवडणूक कधी लढला नाही. बाकी शेती. विहिरीचं कर्ज फेडण्यात बरंच आयुष्य गेलं. 2021 ला हौसाताई गेल्या, 2022 ला कॅप्टन भाऊ, आता प्रत्यक्ष बघितलेलं सांगणारं जवळपास कुणी उरलं नाही, म्हणून थापांना ऊत आलाय.

त्यात आमच्या चुलत्यानं यंदा 15 ऑगस्टला चौकात आज्जाचा फ्लेक्स लावायचं काढलंय, मागं रेल्वेचं इंजिन, हातात बंदूक. मी म्हटलं इंजिन काढा, बंदूक काढा, आणि शेजारी आज्जीचा फोटो घाला. तिचा एकच फोटो आहे, मतदान कार्डावरचा. चुलता म्हणतो फ्लेक्सवाल्यानं सांगितलंय एवढा बारका फोटो मोठा केला की फुटतो. फुटू दे म्हटलं, घाला.