बाथरूमचा उतार बघायचं काम नक्की कुणाचं?

आज ओळखीतल्या एका कुटुंबाच्या नव्या फ्लॅटवर जाणं झालं. ताबा मिळून दोन महिनेही झालेले नाहीत. घरातल्या आजी, वय पंचाहत्तरीच्या पुढे, आंघोळ करून बाहेर आल्या आणि केस पुसायच्या आधी त्यांनी वायपर हातात घेतला. सगळं पाणी दाराच्या उंबऱ्याशी तुंबलेलं आणि पाणी जायची जाळी समोरच्या कोपऱ्यात, कोरडी. ओल्या फरशीवर वाकून त्या ते पाणी उलट्या दिशेला ढकलत होत्या. घरात कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. "बाथरूम म्हटलं की वायपर मारायलाच लागतो," असं सूनबाई अगदी सहज म्हणाल्या.

नाही हो, लागत नाही. पाणी आपल्या पायाने जाळीपर्यंत गेलं पाहिजे, बाथरूमच्या फरशीचं तेवढं एकच तर काम आहे! लाखो रुपये मोजून घेतलेल्या घरात ते होत नसेल, तर त्या इटालियन दिसणाऱ्या टाइल्स आणि काळ्या रंगाचे नळ घेऊन करायचं काय?

मुळात मागणी किती आहे बघा. फुटाला एक ते दीड सूत उतार. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे गवंड्याला सांगावं लागत नाही. मीटरमध्ये बोलायचं तर मीटरला साधारण १२ मिलिमीटर, ८० ला १ या प्रमाणात. नेहमीचं पाच बाय आठ फुटांचं बाथरूम धरलं तर दारापासून लांबच्या कोपऱ्यापर्यंत सव्वा इंच. एवढाच उतार. उतार फार झाला तर आंघोळीचं स्टूल डुगडुगतं आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडखळतो, हे मान्य. पण आजवर उतार जास्त झाला म्हणून रडणारं घर मला दिसलेलं नाही, सगळी रड उलटीच.

मग हा सव्वा इंच जातो कुठे? तर तो वेगवेगळ्या कारागिरांच्या मधल्या फटीत हरवतो. आधी प्लंबर येतो आणि नहाणी ट्रॅप बसवतो, म्हणजे जाळीखालचं, थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं. त्या वेळी तिथे फक्त बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब असतो, फरशी कुठे येणार ते तो अंदाजाने धरतो. मग वॉटरप्रूफिंगवाला कोबा, म्हणजे सिमेंटात विटांच्या तुकड्यांचा थर, करतो, त्याचा स्वतःचा उतार असतो किंवा नसतो. दोन-तीन दिवस पाणी भरून गळती तपासतात. त्यानंतर महिन्याभराने टाइलवाला येतो. तो बेडरूमच्या तयार फरशीची पातळी दारातून आत घेतो आणि तिथून पुढे लावत जातो. शेवटी ट्रॅपपाशी पोचतो तेव्हा कळतं की ट्रॅपचं तोंड अर्धा इंच वर राहिलंय. आता ट्रॅप काढायचा म्हणजे वॉटरप्रूफिंग फोडायचं. ते कुणीच करत नाही. टाइल ट्रॅपच्या तोंडाला जुळवून घेतात, म्हणजे तिथे वर उचलतात, आणि उतार संपतो. प्रत्येकाचं काम त्याच्यापुरतं बरोबर असतं. पाणी मात्र दाराकडे येतं.

यावर उपाय फार जुना आहे आणि फुकट आहे. पहिला कारागीर आत शिरायच्या आधी पाणसळीने (स्पिरिट लेव्हलने) किंवा पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने चारही भिंतींवर एक आडवी रेघ मारायची, घराच्या तयार फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीवर. सगळ्यांनी मापं याच रेघेपासून खाली घ्यायची. दारात बाथरूमची फरशी खोलीपेक्षा अर्धा इंच खाली, म्हणजे रेघेपासून १०१ सेंमीच्या किंचित पुढे. ट्रॅपची जाळी सगळ्यात खाली, साधारण १०४.५ सेंमीवर, आणि शेजारच्या टाइलपेक्षाही दोन-तीन मिलिमीटर खोल. प्लंबर, कोबेवाला, टाइलवाला, तिघांना एकच रेघ. प्लास्टरखाली रेघ झाकली जाते, म्हणून प्लास्टर झालं की ती पुन्हा मारायची. हे अर्ध्या तासाचं काम आहे. एवढ्या मोठ्या साइटवर अर्धा तास देणारा एक सुपरवायझर मिळत नाही?

कमोडचंही हेच दुखणं. एस-ट्रॅपच्या, म्हणजे पाइप खाली फरशीत जाणाऱ्या, कमोडसाठी भोकाचा मध्य तयार भिंतीपासून ठरावीक अंतरावर हवा, समजा ९ इंचांवर. प्लंबर विटांच्या भिंतीपासून ९ इंच मोजतो. प्लास्टर, चिकटवायचा माल आणि टाइल मिळून इंच-सव्वा इंच खाऊन टाकतात आणि कमोड आणल्यावर त्याची टाकी भिंतीला अडते. मग कुणीतरी भिंतीतली टाइल फोडतं, नाहीतर कमोड पुढे ओढून खाली पांढरं सिमेंट थापतं आणि ते सहा महिन्यांत पिवळं पडतं. कच्च्या भिंतीवरून माप घ्यायचंच नाही, पक्क्या भिंतीवरूनच घ्यायचं, एवढी साधी शिस्त.

टाइलवाल्यावर सगळं खापर फोडायला मी तयार नाही. लिहिता लिहिता त्याच्यावरचा राग कमी होतोय, कारण त्याची अडचण खरी आहे. फरशीला उतार दिला की भिंतीची सगळ्यात खालची ओळ पाचरीसारखी कापावी लागते, एका टोकाला कमी आणि दुसऱ्या टोकाला सव्वा इंच जास्त. म्हणूनच चांगला कारागीर भिंतीच्या टाइल्स दुसऱ्या ओळीपासून सुरू करतो, मग फरशी करतो आणि खालची ओळ शेवटी कापून बसवतो. आणि मग घरमालक येतो, ती तिरकी कापलेली ओळ बघतो आणि ओरडतो, "हे वाकडं लावलंय!" दोनदा अशी बोलणी खाल्ली की तिसऱ्या घरात तो माणूस फरशी सपाट लावतो. दिसायला सरळ, वापरायला त्रास. त्याला चौरस फुटाने पैसे मिळतात, पाणी कुठे जातं याचे मिळत नाहीत.

त्यात आता दोन बाय दोन फुटांच्या टाइल्सची हौस. खोलीत खुशाल लावा. बाथरूममध्ये जाळीकडे चारही बाजूंनी उतार यायचा असतो आणि मोठी टाइल कडक, ती वळत नाही. मग ती जाळीपासून कोपऱ्यांपर्यंत तिरकी कापावी लागते, नाहीतर एका कोपऱ्यात वर येते आणि अंगठ्याला लागते. एक बाय एक फुटाची मॅट टाइल लावली तर उतार सहज बसतो आणि जास्त सांध्यांमुळे पायालाही पकड मिळते. आजींच्या बाथरूममध्ये काय होतं? दोन बाय दोन, चकचकीत. त्या फरशीवर त्यांना वायपर घेऊन उभं राहावं लागतं, हे आठवलं की पुन्हा डोकं तापतं.

काचेचं पार्टिशन हा आणखी एक घोळ. शॉवरचं पाणी बाहेर येऊ नये म्हणून काचेखाली ग्रॅनाइटची पट्टी बसवतात. पट्टी आतलं पाणी आत ठेवते, तसं बाहेरचं बाहेरही ठेवते. बेसिनखालचं, जेट स्प्रेचं, फरशी धुतल्याचं पाणी जाळीपर्यंत जाणार कसं? कोरड्या भागाला वेगळा ट्रॅप द्या, नाहीतर पट्टीला भिंतीलगत फट ठेवा. आणि दुसरा ट्रॅप दिलात तर त्यात आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी थांबलेलं असतं तोवरच घाण वास आणि झुरळं अडतात, ते वाळलं की दार उघडं.

गिरणगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली आठवा. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात मोरी, तिला वीतभर कठडा, आणि त्या मोरीतलं पाणी खोलीत येत नव्हतं. तिथे आंघोळ व्हायची, भांडी व्हायची, कपडे व्हायचे. ती बांधणाऱ्याकडे ना लेझर लेव्हल होती ना थ्रीडी ड्रॉइंग.

ज्यांचं काम अजून चालू आहे त्यांनी एक करा. टाइल लावून झाल्या की सांधे भरायच्या आधी दाराशी एक बादली पाणी ओता आणि पाच मिनिटं थांबा. कुठे थांबलं तिथे खडूने गोल करा. माल ओला असेपर्यंत, म्हणजे लावल्याच्या दिवशीच, मीटरभर ॲल्युमिनियमची पट्टी आणि पाणसळ ठेवून बघितलं तर आणखी चांगलं, तेव्हा टाइल उचलून परत बसवता येते. नंतर येत नाही.

ज्यांचं बिघडलंच आहे त्यांनी ब्रेकर मशीन आत येऊ देऊ नका, त्याच्या हादऱ्याने खालचं वॉटरप्रूफिंग फाटतं. पाणी दोन-चार टाइल्सपुरतंच थांबत असेल तर तेवढ्याच हाताने छिन्नी मारून काढा, खालचा थर तपासा, पुन्हा लेप द्या, मग बसवा. सगळ्याच फरशीचा उतार उलटा असेल आणि दारात नवा थर चढल्यावरही बाथरूमची फरशी खोलीपेक्षा खालीच राहील एवढी पायरी शिल्लक असेल, तर जुन्या टाइल्सवर नवी टाइल चढवून उतार करता येतो. जाळी आहे त्याच उंचीवर ठेवायची, दाराकडे माल जाड, जाळीकडे अगदी पातळ. दाराची फळी खालून तासावी लागेल. तेवढी पायरी नसेल तर हा उपाय विसरा, नाहीतर पाणी थेट पॅसेजमध्ये येईल. आणि तुंबलेलं पाणी म्हणजे नुसती गैरसोय असं समजून बसू नका. ते सांध्यांतून खाली कोब्यात उतरतं, मग बाहेरच्या भिंतीचा रंग पोपडे धरतो आणि एक दिवस खालच्या मजल्यावरचे लोक छताचे फोटो पाठवतात.

त्या सूनबाईंना एवढंच सांगून आले की आज वायपर मारायच्या आधी फोटो काढा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या कायद्याच्या, कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिलंय, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत कामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने तो ३० दिवसांत स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲपवर "सर जरा बघा ना" करू नका. दाराशी थांबलेल्या पाण्यात मोजपट्टी उभी धरून फोटो, कोरड्या जाळीचा फोटो, तारीख, फ्लॅट नंबर, आणि लेखी पत्र, पोच घेऊन. पत्रात 'पाणी साचते' एवढंच लिहिलं तर माणूस येऊन सांध्यात पांढरं सिमेंट भरून जाईल. 'फरशीचा उतार जाळीच्या विरुद्ध दिशेने आहे, तो दुरुस्त करून, पाणी भरून चाचणी करून द्यावी' असं लिहा.