मातीला वेळ लागतो

आज सकाळी नाशिकच्या काकूंचा मेसेज आला. "तुमची वेगळी झाली का? आमची अजून एकत्रच आहे." मी दाढी करत होतो, फोन ओट्यावर होता, त्यामुळे तो आधी आईनं वाचला. मग बायको आंघोळीला गेलीय याची खात्री करून तिनं मला हळूच विचारलं, "तुमचं दोघांचं बरं चाललंय ना रे?"

विषय मातीचा होता.

गेल्या आठवड्यात आम्ही मॉरिशसहून आलो. लग्नाला पंधरा वर्षं झाली म्हणून गेलो होतो. सहा दिवसांतले पाच छान गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समुद्र निळा होता. तक्रार आहे ती चौथ्या दिवसाबद्दल. कागदावर त्याचं नाव होतं ‘फुल डे साउथ आयलंड टूर विथ गाईड’. आणि कंसात ‘पॅकेजमध्ये समाविष्ट’. समाविष्ट म्हणजे पैसे आधीच कापलेत, आता रागवून उपयोग नाही.

मॉरिशसमध्ये जुलै हा हिवाळा असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. कुणी म्हणजे टूरवाल्यांनी. भूगोलाच्या बाईंनी सांगितलं असणार, पण तेव्हा आमचं लक्ष नव्हतं. किनाऱ्यावर ऊन, म्हणून मी फुलाफुलांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून निघालो. तासाभरात गाडी क्युरपिपला पोचली. हे गाव साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि तिथला पाऊस आपल्या लोणावळ्यासारखा, म्हणजे ‘पडतोय’ असं म्हणावं इतकाही नाही आणि थांबत तर मुळीच नाही. त्या पावसात मी हिबिस्कसची फुलं अंगावर घेऊन कुडकुडत उभा.

गाईड मात्र मनापासून आवडला. माइकवर हिंदी बोलत होता, पण आम्ही ठाण्याचे आणि काका-काकू नाशिकचे हे कळल्यावर तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "नमस्कार. मीसुद्धा मराठी आहे. आपले गाव कोणते?" घरी क्रिओल, म्हणजे तिथली बोलीभाषा, मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलणं अगदी पाठ्यपुस्तकातलं. मी म्हटलं, मूळ गुहागर. तो म्हणाला, "आनंद वाटला." गाडीतल्या बारा जणांपैकी दिवसभरात माझ्याकडे बघून कुणाला आनंद वाटला असेल तर तो यालाच.

आणि लगेच म्हणाला, "आता आपण जहाजांच्या कारखान्यात प्रवेश करत आहोत."

आता मॉरिशसमध्ये लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करतात, आणि सुंदरच करतात, त्याबद्दल वाद नाही. बारीक दोऱ्या, शिडं, नखाएवढ्या तोफा. पाच मिनिटं बघून डोळे निवले असते. आम्ही तिथे पंचावन्न मिनिटं होतो, कारण नाशिकच्या काकूंनी जहाज घ्यायचं ठरवलं होतं. म्हणजे ठरवलं होतं काकांनी. काका वीज खात्यातून निवृत्त झालेले, अबोल, आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी हवंसं वाटलं असावं, अशा नजरेनं ते एका तीन शिडांच्या जहाजाकडे बघत होते. काकू फक्त चौकशी करत होत्या.

"हे कुठलं?"

विक्रेता पंचविशीतला, सिनेमातून शिकलेली हिंदी. "मादाम, ये सेंट जेराँ. हमारे मॉरिशस का सबसे फेमस जहाज."

"फेमस कशासाठी?"

"1744 में यहीं किनारे के पास डूबा."

काकूंनी जहाजावरचा हात काढला. जसं काही ते अजून ओलं आहे.

"आणि हे मोठं?"

"टायटॅनिक!"

त्याबद्दल काकूंना विचारायची गरज नव्हती. त्यांनी काकांकडे अशा नजरेनं पाहिलं की काकाच दोन पावलं मागे सरकले. मुलगा हुशार होता, त्यानं लगेच तिसरं पुढे ओढलं. "ये लीजिए. बाउंटी. बहुत चलता है."

"हे बुडालं?"

"नहीं मादाम, डूबा नहीं." मुलगा प्रामाणिकही होता, तिथेच त्याचं चुकलं. "इसमें लोगों ने कप्तान को छोटी नाव में बिठाके समुंदर में छोड़ दिया. बाद में जहाज जला दिया."

"म्हणजे संप," काका म्हणाले. दिवसभरातलं त्यांचं हे पहिलं वाक्य. त्यांच्या खात्यात असं काही होता होता राहिलं असावं, असा काहीसा स्वर होता.

"तुम्ही गप्प बसा. एकही धड जहाज नाही का हो तुमच्याकडे? घरात ठेवायचंय."

मुलानं हुकमाचं पान काढलं. व्हिक्टरी. इंग्रजांचं जहाज, 1805 ची लढाई जिंकलेलं, बुडालं नाही, जळलं नाही, आजही इंग्लंडात पोर्ट्समथला उभं आहे. काकूंचा चेहरा उजळला. काका पुढे आले. किंमत साडेनऊ हजार मॉरिशियन रुपये, म्हणजे आपले सतरा-अठरा हजार. काकांनी खिशाकडे हात नेला. सगळं जमत आलं होतं. आणि कुठून मला दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, मी म्हणालो, "हो हो, नेल्सनचं. त्याला गोळी लागली ती याच्याच डेकवर."

"कोण नेल्सन?"

"सेनापती. लढाई जिंकली, पण तो गेला."

"म्हणजे," काकू सावकाश म्हणाल्या, "जहाज राहिलं आणि कर्ता पुरुष गेला."

काकांनी खिशातला हात बाहेर काढला. माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं ते मी विसरणार नाही.

पुढची पंधरा मिनिटं वास्तुशास्त्रात गेली. जहाजाचं तोंड दाराकडे असलं की लक्ष्मी बाहेर जाते आणि आत असलं की येते, हे काकूंनी मुलाला समजावलं. त्यानं चपळाईनं सगळी जहाजं आत वळवली. दुकानातलं सगळं आरमार एका मिनिटात माघारी फिरलं. तरी काकूंनी काही घेतलं नाही. बाहेर येताना गाईडनं काउंटरवर एक चिठ्ठी ठेवली, बाईंनी त्यावर शिक्का मारला. ती चिठ्ठी तेव्हा माझ्या नीट लक्षात आली नाही.

मग हिऱ्यांचं दालन. चाळीस मिनिटं. मी दारातल्या खुर्चीवर बसून तिथली फुकटची कॉफी दोनदा प्यायलो, आणि दुसऱ्या कपाच्या वेळी तिथल्या बाईनं माझ्या शर्टाकडे पाहून ‘हा काही हिरे घेणाऱ्यातला नाही’ हे ओळखलं. ओळखलं ते बरोबरच, पण तिनं साखर दिली नाही, ते लागलं.

मग एकदाचं विवर. ‘त्रू ओ सेर्फ’, म्हणजे हरणांचं विवर. ज्वालामुखीचं तोंड, आता झाडीनं भरलेलं. वर उभं राहिलं की तीन शिखरं आणि थेट राजधानीपर्यंतचा प्रदेश दिसतो, असं गाईड म्हणाला. दिसलं धुकं. तो तरीही बोट दाखवत होता. "डाव्या हाताला आपण पर्वत पाहू शकता." आम्ही डावा हात पाहिला. बारा मिनिटांत परत. हरीण नव्हतंच. इथली हरणं डचांनी 1639 मध्ये जावाहून आणली, आता देशाच्या राजचिन्हावर एका बाजूला हरीण आहे आणि दुसऱ्या बाजूला डोडो. डोडो कधीच संपला. हरीण मला शेवटी भेटलं ते दुपारी जेवणाच्या मेनूकार्डावर, करीत. शाकाहारी गटात आमची नोंद असल्यामुळे तिथेही दुरूनच दर्शन.

मध्ये टीशर्टांचं दुकान, तीस मिनिटं, त्याबद्दल बोलत नाही. तिथे मी एक जाड जॅकेट घेतलं कारण थंडी वाजत होती. म्हणजे त्यांचा सापळा चाललाच.

गंगा तलाव मात्र खरंच चांगला. धुक्यातून एकदम 108 फुटी मंगल महादेव समोर उभा राहतो तेव्हा गाडीतले सुरतवालेसुद्धा गप्प झाले. 1972 मध्ये गंगेचं पाणी आणून या तळ्यात ओतलं. महाशिवरात्रीला लोक पांढरे कपडे घालून कावडी घेऊन बेटाच्या कानाकोपऱ्यातून पायी इथे येतात, हे गाईड माइक बंद करून सांगत होता, आणि सांगताना त्याचं मराठी पुस्तकातून बाहेर आलं होतं. त्याच्या पणज्याचं पहिलं नाव हेच घराण्याचं आडनाव झालं. बोटीतून उतरवताना साहेबाच्या कारकुनानं जे ऐकलं ते लिहिलं, आणि तेच चिकटलं. मी विचारलं, गणपतीला काय करता? म्हणाला, सरकारी सुट्टी असते, आम्ही झाकरी करतो. मी म्हटलं, अरे, आमच्याकडे जाखडी! तो म्हणाला, "नाही, नाही. झाकरी." मी म्हटलं, तीच ती, गोल करून नाचतात, मध्ये ढोलकी. तो थांबला. "आपल्या गावी अजून करतात?" दोघंही उभे राहिलो. पाऊस पडत होता आणि मला बरं वाटत होतं. तेवढ्यात एका माकडानं काकूंच्या पिशवीतली केळी पळवली आणि तो विषय गेला तो गेलाच.

मी नंतर त्याला विचारलं, आपण आप्रवासी घाटावर जाणार ना? पोर्ट लुईला तो घाट आहे. 1834 पासून करारावर आणलेले लाखो मजूर तिथूनच उतरले, त्यात आमच्या रत्नागिरीकडचेही होते; त्या दगडी पायऱ्या बघायच्या हे मी ठाण्याहून ठरवून आलो होतो. तो म्हणाला, "ती सिटी टूर आहे. वेगळी आहे. वेगळे शुल्क." आणि मग, थोडं खालच्या आवाजात, "माझे पूर्वज तिथेच उतरले." मी म्हटलं, मग हिऱ्यांच्या दुकानाऐवजी तिकडे न्या की. त्यानं खिशातली ती चिठ्ठी काढून दाखवली. चार चौकोन, तीन शिक्के. चौथा चौकोन भरला नाही तर त्याचा दिवसाचा भत्ता कापतात. त्याच्यावर रागवता येईना. राग आला तो ज्यानं तो कागद छापला त्याचा, आणि तो माणूस कधी समोर येत नाही. ज्या एका माणसाकडे त्या बेटाबद्दल सांगण्यासारखं होतं, त्याला दिवसभर दुकानांचे शिक्के गोळा करायला लावलं होतं. आणि त्याचे पैसे मी दिले होते, पॅकेजमध्ये समाविष्ट.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचा व्ह्यूपॉइंट : धुकं, दहा मिनिटं.

शेवटी शामारेल, सात रंगांची माती. तिकीट काढून आत गेलो. लाकडी कठडा, पाटी : मातीवर पाय ठेवू नका. पलीकडे लाटालाटांची उघडी माती, लाल, तांबडी, जांभळट, पिवळसर. लोक फोटो काढत होते. मी कठड्याला धरून उभा होतो आणि मला ओळखीचं काहीतरी दिसत होतं. बेसॉल्ट झिजला, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, रंग आला. आमचा कोकणातला जांभा तरी दुसरं काय आहे? भूगर्भशास्त्रज्ञ तर असं मानतात की ज्या तप्त जागेतून 6.6 कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा लाव्हा वर आला, तिनंच नंतर हे बेट घडवलं. म्हणजे गुहागरच्या आमच्या परड्यातल्या मातीच्या चुलत बहिणीला बघायला मी विमानानं आलो होतो, आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती. लहानपणी हीच माती पायाला लागली म्हणून आई पडवीच्या पायरीवरच थांबवायची. तिथे कठडा नव्हता, आई होती. तिचा धाक जास्त होता.

बाहेर दुकान. चौथा शिक्का. आणि तिथे काचेच्या नळीत माती, सात थर, बुचासकट. बायकोनं एक घेतली. काकूंनी तीन.

"ही हलवली तरी पुन्हा वेगळी होते," गाईड गाडीत माइकवर म्हणाला. "सात रंग परत आपापल्या जागी बसतात."

हे ऐकताच काकूंनी पहिली नळी हलवली. खसखस, खसखस, कैरीच्या लोणच्याची बरणी हलवतात तशी. सातही रंग मिसळून एकच झाला, पाव भाजीतल्या पावासारखा. काकूंनी नळी मांडीवर उभी धरली आणि बघत बसल्या.

"होत नाही हो."

"वेळ लागतो, मादाम."

दहा मिनिटांनी : "अजून नाही."

"मातीला वेळ लागतो, मादाम."

काकूंनी तुलना करता यावी म्हणून दुसरीही हलवली. मग आमची मागून घेतली. "तुमची कदाचित जास्त ताजी असेल." ताजी माती! किनाऱ्यावरच्या फ्लिक अँ फ्लाक गावापर्यंतच्या रस्त्यावर काकूंनी चारही नळ्या हलवल्या, आणि चारही सारख्या झाल्या. काका खिडकीबाहेर बघत होते. ऊन परत आलं होतं, समुद्र दिसायला लागला होता, आणि त्यावर एक जहाज चाललं होतं. काका ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिले.

बोर्डिंग पासच्या मागे मी हिशेब केला. दुकानं, शामारेलचं सोडून, 125 मिनिटं. गंगा तलाव, विवर, व्ह्यूपॉइंट, माती आणि वाटेतला एक धबधबा धरून 102. उरलेला वेळ गाडीत. तो पास मी जपून ठेवलाय, कुणाला पाठवायचा ते माहीत नाही. परतीनंतर टूरवाल्यांचा फॉर्म आला, त्यात ‘गाईडची माहिती कशी वाटली’ असा प्रश्न होता. मी पाचपैकी पाच दिले आणि खाली ‘त्याला बोलू द्या’ असं लिहिलं. उत्तर आलं, आभारी आहोत, पुढच्या सहलीवर दहा टक्के सूट.

आईनं आज नळी उजेडात धरून पाहिली. "हे काय आणलंयस?"

"माती. मॉरिशसची."

"विकत?"

मी गप्प. तिनं बूच काढून वास घेतला, मग बोटावर थोडी घेऊन चोळली. "आपल्या परड्यातलीच आहे की," म्हणाली, आणि खिडकीतल्या तुळशीत ओतून मोकळी झाली.

काकूंना मी उत्तर पाठवलं : आमची अजून नाही. तुमची झाली की कळवा.